शेजारणीच्या लुगड्याची झोळी

भुईगावात आमच्या वाडीला लागून मायकलची वाडी आणि मायकलच्या वाडीला लागून दयारामची. मध्ये भेंडीच्या झाडांचं कुंपण. तेही इतकं विरळ की पलीकडे सुकट भाजली तर अलीकडे जेवायची आठवण व्हावी. त्या कुंपणाशी उभं राहून मायकलच्या बायकोने, कार्मिनने, पहिली दोन वर्षं जे काही जळून घेतलं, त्यावर एखादं गाव स्वयंपाक करून जेवलं असतं.

कार्मिनला जळायला कारण लागत नसे, शेजार लागत असे. गास गावाहून लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "त्यांचा शेवगा एवढा उंच कसा?"

मायकल म्हणाला, "त्यांच्या आजोबांनी लावला."

"मग तुमचे आजोबा काय करत होते?"

मायकल बिचारा कारखान्यात फिटर. पहाटे जाणार, दिवेलागणीला येणार. आजोबांची बाजू मांडायला त्याला कधी वेळच मिळाला नाही.

दयारामची बायको सत्यवती हिच्याशी कार्मिनचं भांडण असं कधी झालं नाही. उलट वाटीभर साखर, चार मिरच्या, सगळी देवाणघेवाण चालायची. पण सत्यवतीच्या मोगऱ्याला जास्त कळी आली की कार्मिनच्या घरात त्या दिवशी भांडी मोठ्याने वाजत. सत्यवतीची कोंबडी दोन पिवळ्यांचं अंडं घालून बसली, तर कार्मिन आपल्या कोंबडीला म्हणाली, "खा मेले, नुसती खा." हे मी कानाने ऐकलेलं आहे.

आणि अशा दोघींना शहात्तर साली एकाच आठवड्यात मुलं झाली. सत्यवतीला मुलगा, बाबू. कार्मिनला मुलगी, डेल्फिन.

कार्मिनच्या बाळंतपणाला मायकलची थोरली बहीण आली, निर्मळ गावची सालोमी. बाई कडक, पण मनाने वाईट नव्हे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि मुलं कशी वाढवावी याबद्दल मात्र तिच्याकडे सगळं ठरलेलं. तिने आल्या दिवशी सांगितलं, "रडली की उचलायची नाही. रडण्याने छाती मजबूत होते. एकदा कडेची सवय लागली, की कामाला मुकशील." त्या काळी चांगल्या चांगल्या घरांतून हेच सांगत. आणि कार्मिनला काम होतंच. मोगऱ्याची कळी उन्हं चढायच्या आत खुडावी लागते. उमलली की बाजारात तिला कोणी विचारत नाही, आणि फुलांची टोपली न्यायला येणारा सायकलवाला एक मिनिट थांबत नसे. तेव्हा डेल्फिनला पडवीत पाळण्यात टाकायचं आणि कार्मिनने ओळ धरायची. पोर रडायला लागली की कार्मिनचे हात आणखी भरभर चालत. ओळ संपली की जायची. कधी पापे घेत उचलायची, कधी "काय झालं तरी काय तुला!" म्हणून खसकन उचलायची, आणि कधी दुसरी ओळ समोर दिसली की जायचीच नाही. पोरीला बिचारीला कळणार कसं, की आज आई येणार आहे की नाही, आणि आली तर कुठली येणार आहे?

पलीकडे सत्यवतीचं सगळंच ढिलं. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, सांगितलं असतं तरी तिच्या लक्षात राहिलं नसतं. बाबू आंब्याखाली झोळीत. तो जरा कुरकुरला की ही टोपली तिथेच सोडून चालू पडायची. मागे अर्धी ओळ उमलून पांढरी व्हायची. दयाराम कपाळाला हात लावायचा. "बाजाराला फुलं पाठवतो की देवाला?" असं तो मला विचारायचा.

आता खरी गोष्ट.

ईस्टर होऊन गेला आणि शाळेच्या ओट्यावर लहान मुलांना टोचायला प्रेमलता नर्सबाई आल्या. गावातल्या सगळ्या आया पोरं घेऊन रांगेत. मीही आमच्या सुनेच्या, क्लाराच्या, धाकट्याला घेऊन होतो, कारण आमच्या घरात सुई बघून पहिली चक्कर क्लाराला येत असे. बाबूला टोचलं. त्याने भोकाड पसरलं, सत्यवतीच्या मानेत तोंड खुपसलं, दोनदा हुंदके दिले आणि तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळायला लागला. मग डेल्फिनची पाळी. ती जी रडायला लागली ती थांबेचना. निळी पडली. कार्मिनने खांद्यावर घेतलं तर पाठीमागे कमान करून तिला ढकलायला लागली. हलवलं, थोपटलं, घंटा दाखवली, बकरी दाखवली. घरापर्यंत रडली. घरी गेल्यावर अंगावर प्यायलाही तयार नाही.

सालोमी त्या दिवशी आलेली होती. तिने सगळं बघितलं. तिने पोर हातात घेतली, पोर तिच्याकडेही गप झाली नाही, पण रडून रडून दमून शेवटी तिच्याच मांडीवर झोपली. आणि सालोमी म्हणाली, हळू आवाजात, म्हणून जास्तच लागलं:

"कार्मिन, ही पोर तुला धरत नाही गं. तुझ्या हातात नाही हे. मी घेऊन जाते निर्मळला. जरा मोठी होऊ दे, मग आण."

मायकल आला तेव्हा त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "निर्मळ काय लांब आहे? चालत जाऊन बघून येता येईल." त्या माणसाला वाटलं आपण समजूत घालतोय.

कार्मिन एवढंच बोलली, "पुढच्या टोचणीपर्यंत थांबा. तेव्हा अशीच राहिली, तर न्या."

सालोमी म्हणाली, "बरं. मी येईन त्या दिवशी."

बायका असं बोलतात आणि विसरतात असं मायकलला वाटलं. पण सालोमी विसरणारी नव्हती. तिने निर्मळला पाळणा रंगवायला टाकला, हे आम्हाला केळीवाल्याकडून कळलं.

कार्मिनला रडण्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठी आग दुसरीच होती. सालोमीने नेलं तर नेलं, पण सत्यवतीचं पोर गप झालं आणि माझं का नाही? एकाच आठवड्यातली दोघं. माझी अंगाने भरलेली, त्याचे तर पाय काटक्या. तिची खात्री झाली की सत्यवतीकडे काहीतरी आहे. काहीतरी वस्तू. आणि ती लपवतेय.

पहिल्यांदा तेल. सत्यवती बाबूला न्हाऊ घालायला बसली की कार्मिन कुंपणाशी मिरची खुडण्याचं निमित्त करायची. त्या झाडाला मिरची उरली नव्हती. "कसलं तेल गं?" "खोबऱ्याचं." "नुसतं?" "नुसतं." कार्मिनला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन गेली आणि सत्यवतीच्याच बाटलीतलं तेल मागून आणलं. चोळलं. डेल्फिन तेल लावून घेता घेता रडली.

मग वेखंड. बाबूच्या मनगटात काळ्या दोऱ्यात वेखंडाचा तुकडा होता. कार्मिनने तसाच करून डेल्फिनच्या गळ्यात, मरियेच्या पदकाच्या मागे लपवून बांधला. रविवारी मिस्साला फादरनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात वेखंड पदकाच्या पुढे आलं. फादर आमचे समजूतदार. ते म्हणाले, "हे कुणासाठी आहे कार्मिन, पोटदुखीसाठी का?" ती म्हणाली, "हो फादर." "मग पोटाशी बांध, गळ्याशी कशाला?" सगळ्या बायका पदराआड हसल्या आणि सालोमीच्या कानावर हेही गेलं.

आणि मग लुगडं. बाबूची झोळी जुन्या हिरव्या लुगड्याची होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. कार्मिनच्या मनाने घेतलं की गंमत त्या लुगड्यातच आहे. सत्यवती झोळी धुऊन वाळत घालायची. एक दिवस ते लुगडं दोरीवर नव्हतं, आणि कार्मिनच्या पडवीत, पाळणा बाजूला सारून, हिरवी झोळी लटकत होती. कुंपण इतकं विरळ, झोळी इतकी हिरवी, आणि बाईला वाटतंय कोणाला दिसणार नाही!

सत्यवती कुंपणाशी आली. मी नारळाच्या झावळ्या ओढत होतो, मीही थांबलो. मला वाटलं आता होतं युद्ध.

सत्यवती म्हणाली, "कार्मिनबाय, झोळी छान झाली हो."

कार्मिन लाल. "वाऱ्याने उडून आलं होतं. मी म्हटलं, पडलंय..."

"उडून येऊन आपोआप बांधलं गेलं?"

"घेऊन जा तुझं!" कार्मिन ओरडली आणि तिचे डोळे भरले. "सगळं तुझंच चांगलं! शेवगा तुझा, मोगरा तुझा, पोर पण तुझंच शहाणं! काय आहे या लुगड्यात ते तरी सांग!"

सत्यवती आधी हसली, मग हसू आवरेना म्हणून भेंडीचा बुंधा धरला. "अगं बाय, ते माझ्या सासूचं लुगडं! सासू जवळ आली की बाबू किंकाळी मारतो. त्या लुगड्यात गुण असता तर सासूलाच नसता का लागला? ठेव तुला. माझ्याकडे दुसरं आहे."

आता माझं ऐका. चोरलेली वस्तू अशी हसत देऊन टाकली, की जळणाऱ्या माणसाची फार पंचाईत होते. कार्मिन दोन दिवस सत्यवतीशी बोलली नाही. पण बघायचं तिने सोडलं नाही. उलट आता वस्तू संपल्या होत्या, म्हणून ती बाईकडेच बघायला लागली. ती काय करते, कधी उठते, कशी उचलते. आणि बघता बघता तिला दिसलं ते एवढंच: बाबू कुरकुरला, की सत्यवती जिथे असेल तिथून मोठ्याने म्हणायची, "आले रे, आले!" आणि मग यायची. बस्स. कधी हात चिखलाचे असायचे, कधी डोक्यावर भारा असायचा, तरी आवाज आधी आणि पाठोपाठ बाई.

कार्मिनने लगेच ते उचललं. दुसऱ्या सकाळी डेल्फिन रडली तशी तिने ओळीतूनच आवाज दिला, "आले गं, आले!" आणि कळ्या खुडत राहिली. पोर रडत राहिली. परत, "आले गं, आले!" तरी रडत राहिली. आरोळी कितीही गोड दिली, तरी पोरीच्या हिशेबी अजून कोणी आलं नव्हतं. चौथ्या आरोळीला कार्मिनने टोपली आपटली. तेवढ्यात पलीकडून बाबूचा आवाज आला, आणि "आले रे, आले" म्हणत सत्यवती निघाली.

आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कार्मिनने सत्यवतीला निघालेलं पाहिलं, आणि तीही धावली. पोरीसाठी नव्हे हो! सत्यवती आधी पोचू नये म्हणून. लुगड्याचा काष्टा खोचून अशी पळाली, की सत्यवती आंब्यापर्यंत जायच्या आत हिने पोर उचलून खांद्यावर घेतलीसुद्धा. आणि कुंपणाकडे असं बघितलं, की जणू सणाच्या दिवशी बैलांच्या शर्यतीत पहिला नंबर आला.

त्या दिवसापासून आमच्या तिन्ही वाड्यांना रोजचा खेळ लागला. पलीकडे "आले रे", की अलीकडे "आले गं". सत्यवतीला आधी कळलंच नाही की शर्यत चालू आहे. कळलं तेव्हा तीही कमी नव्हती, एकदा मुद्दाम बाबू गप असताना "आले रे" म्हणून पळाली. कार्मिन बिचारी धावत गेली आणि बघते तर डेल्फिन गाढ झोपलेली. आईच्या धडपडीने पोर जागी झाली. पलीकडे सत्यवती आंब्याला टेकून हसतेय.

दयाराम मला म्हणाला, "थॉमसदादा, आधी एका वाडीची फुलं उमलायची, आता दोन वाड्यांची उमलतात." सायकलवाला रागावला. मायकलने विचारलं, "कळ्या का कमी जातात?" कार्मिन म्हणाली, "पलीकडेपण कमीच जातात." हे उत्तर तिला पूर्ण समाधानकारक वाटलं.

इथे मला आमच्या वडलांच्या बैलाची गोष्ट सांगावीच लागेल, म्हणजे पुढचं नीट कळेल. वडील रोज जू ठेवताना त्याची मान चोळायचे. वेळ असो नसो, राग असो नसो. माझ्या काकांचा बैल त्याच्याहून दणकट, पण काका लहर लागली तर चोळायचे, लहर गेली तर चाबूक. एका लग्नाला दोन्ही गाड्या निघाल्या आणि देवळापुढे फटाके लागले. दोन्ही बैल सारखेच दचकले, बरं का. आमचाही थरथरला. वडील उतरले, मानेवर हात ठेवला, आणि त्याची थरथर उतरली. काकाही उतरले, त्यांनीही हात ठेवला. पण त्या बैलाला त्या हाताचं काय माहीत? तो उधळला तो काकांना ओढत थेट बावखलात, म्हणजे आमच्या गावतळ्यात. काका तळ्यात उभे, अंगावर लग्नाचा कोट, आणि करवलीच्या पाटीतली केळी पाण्यावर तरंगतायत. तेव्हा दचकायचं सगळ्यांनाच असतं. दचकून परत यायची वाट मात्र रोजच्या जाण्यायेण्याने पडते, वाडीतल्या पायवाटेसारखी. ऐन वेळी कुदळ मारून ती होत नाही.

कार्मिनची पायवाट पडत होती, आणि पाडणारीला पत्ता नव्हता. ती आपली सत्यवतीला हरवत होती. गणेशचतुर्थीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की डेल्फिन आता आरोळी ऐकली की रडता रडता थांबते, आवाजाकडे बघते, आई येईपर्यंत नुसती हुंदके देते. एकदा वाळलेली झावळी पत्र्यावर धाडकन पडली. पोर किंचाळली. कार्मिन विहिरीवर. तिथून "आले गं!" पोर गप, डोळे वाटेवर. मी म्हटलं, "कार्मिन, बघितलंस का?" ती म्हणाली, "काय बघायचं? बाबू तर हसला असता."

दुसरी टोचणी लांबली. मध्ये पावसाळा, मग नर्सबाईंची बदली झाली म्हणे, मग रद्द झाली म्हणे. शेवटी नाताळाच्या आधी प्रेमलताबाई परत आल्या. आणि त्याच सकाळी निर्मळहून सालोमी आली. हातात लोकरीची विणलेली टोपी, आणि काखेत रिकामी टोपली. टोपली कशाला ते कोणी विचारलं नाही. पोरीचे कपडे न्यायला.

रांगेत कार्मिनचा चेहरा पांढरा फटक. पुढे सत्यवती, बाबूला घेऊन. बाबूला टोचलं. आणि नशीब बघा, सत्यवतीला पुन्हा दिवस गेलेले, त्या दिवसांत तिला सारख्या उलट्या. ती तोंडाला पदर लावून ओट्याच्या मागे गेली, आणि बाबू दयारामच्या हातात. दयारामने त्याला असा धरला की जणू कलिंगड धरलंय. बाबू जो रडतोय! कार्मिनने ते बघितलं. एरवी तिला सण वाटला असता. पण आता तिची पाळी होती.

डेल्फिनला टोचलं. आणि डेल्फिन सगळ्या रांगेपेक्षा मोठ्याने ओरडली. अख्खा ओटा वळून बघायला लागला. तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "अंगठा द्या इथे, नाव सांगा," आणि सालोमीने हात पुढे करून पोर उचललीसुद्धा. "दे माझ्याकडे. बघितलंस? मी सांगत होते." आणि ती पोरीला घेऊन पायऱ्या उतरून चिंचेखाली गेली. पोर निळी पडायच्या बेतात. सालोमी थोपटतेय, हलवतेय, टोपी घालतेय. टोपी खाली.

कार्मिन माणसांच्या गर्दीत, टेबलापलीकडे अडकलेली. तिला वाट मिळेना. आणि तिने, लाज नाही, भीड नाही, एवढ्या बायकांत, नर्सबाईंच्या कानाजवळ, वाडीतल्यासारखी आरोळी दिली:

"आले गं, आले!"

पोर थांबली. ओठ थरथरतायत, गालांवर पाणी, पण तोंड मिटलं. सालोमीच्या खांद्यावरून मान वळवून ती आवाजाकडे बघायला लागली. कार्मिन कोणाच्या पायांवर पाय देत, कोणाला कोपर मारत आली. पोर सालोमीच्या हातातून अशी झेपावली, की ती पडते की काय म्हणून मीच पुढे झालो. आईच्या मानेत तोंड खुपसलं, दोनदा हुंदके दिले, आणि गळ्यातल्या क्रुसाशी खेळायला लागली.

मला वाटलं कार्मिन आता सालोमीकडे बघेल. नाही. तिने पहिल्यांदा मान वळवून ओट्याच्या मागे बघितलं, सत्यवतीने पाहिलं का म्हणून. सत्यवती तोंड पुसत येत होती. तिने पाहिलं होतं.

"मेल्या," ती रडणाऱ्या बाबूला दयारामच्या हातातून घेत म्हणाली, "तिची गप झाली बघ. आणि तू?" मग कार्मिनकडे वळून, "काय लावलंस गं पोरीला? कसलं तेल?"

"खोबऱ्याचं," कार्मिन म्हणाली. "नुसतं."

चिंचेखाली सालोमी टोपी झटकत उभी होती. झटकून झाली तरी झटकत होती. जळण्याचा मक्ता काही एकट्या कार्मिनचा नव्हता. ती एवढंच म्हणाली, "आवाज केवढा गं तुझा! निर्मळला ऐकू गेला असेल." मग पोरीला टोपी घातली. या वेळी पोरीने ती राहू दिली.

रिकामी टोपली मायकलने केळ्यांनी भरून दिली. सालोमी त्यानंतरही महिन्यातून एकदा यायची, आणि "आले गं" म्हणत कुंपणाच्या वळणावरूनच आवाज द्यायला शिकली. रंगवलेला पाळणा पुढल्या वर्षी सत्यवतीच्या दुसऱ्या मुलासाठी पाठवला. त्यावरून कार्मिन परत आठवडाभर जळली, ते वेगळं.

पण त्या दिवशी शाळेकडून आम्ही सगळे एकत्रच घरी निघालो. पुढे दयाराम आणि बाबूला घेतलेली सत्यवती, मागे कार्मिन, मागे सालोमी, शेवटी मी. वाटेत सत्यवती चपलेतला खडा काढायला थांबली, बाबू दयारामकडे गेला आणि कुरकुरला. "आले रे, आले," सत्यवती म्हणाली. आणि कार्मिनच्या खांद्यावरच्या डेल्फिनने पटकन मान वळवली आणि सत्यवतीकडे बघून हसली. रोज कुंपणापलीकडून तोच आवाज ऐकलेला, तिला तोही ओळखीचा.

कार्मिनचं तोंड असं झालं! तिने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, सत्यवतीकडे पाठ येईल अशी, आणि घर येईपर्यंत भरभर चालली.